विहिरीवर एकच गडवा होता

मित्रांनो, जुन्या वस्तूनं आपली कहाणी सांगायची म्हटलं की आधी रूपाचं कौतुक, मग कष्टांचं वर्णन आणि शेवटी अडगळीत पडल्याचं रडगाणं, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी एक जुना पितळी गडवा आहे. तुमच्या पुस्तकात मला तांब्या म्हणतात. मला अडगळीत टाकलं असतं तर मी सुखानं पडून राहिलो असतो. पण माणसांनी मला उचललं, लाख लावून बंद केलं, कोर्टात नेलं आणि माझ्या पोटावरचं नाव वाचून एका माणसाला जन्मठेप दिली. तेव्हापासून मला माणसांच्या हातांची किळस येते. अजूनही कोणी मला धरलं की वाटतं, याला म्हणावं आधी हात धुऊन ये.

माझा जन्म खामगावचा. कापसाच्या त्या जुन्या पेठेत भांड्यांची दुकानं आहेत, तिथून इंद्रभानच्या सासऱ्यांनी मला त्याच्या लग्नात आंदण म्हणून घेतलं. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा एक म्हातारा बसत असे. त्यानं मला मांडीत धरलं, छिन्नी लावली आणि ठोक्याठोक्यानं माझ्या पोटावर ‘इंद्रभान’ असं कोरलं. आमच्याकडे भांड्यावर नाव का घालतात, ठाऊक आहे? मालकी मिरवायला नव्हे. भांडी फिरतात म्हणून. भाजी दिली की वाटी शेजारी जाते, लग्नकार्यात परात जाते, पंगतीला गडवे जातात. नाव असलं म्हणजे भांडं कधी ना कधी घरी येईल, एवढीच आशा. भांड्यावरचं नाव ते कुठून निघालं हे सांगतं, आज कुठल्या घरात आहे हे सांगत नाही. ही गोष्ट आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळते. पुढं जे घडलं त्यात ती एकाही मोठ्या माणसाला आठवली नाही.

गावाचं नाव मी सांगणार नाही. दुसरबीडहून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, गडव्यानं गावाची बदनामी केली. बदनामीला ते लोक फार भितात, आणि कशाकशाला भीत नाहीत ते तुम्हाला आता कळेलच.

इंद्रभानच्या घरी माझे दिवस बरे गेले. तो भाजीपाला करायचा. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. सकाळी तो मला भरून वावरात न्यायचा आणि दुपारी बांधावर बसून गटागटा पाणी प्यायचा. त्याची बायको मला दर सणाला चिंचेनं घासायची. ती जुन्या दुखण्यानं गेली, तेव्हा त्यांची मुलगी डिंपल सातवीत होती. मग ती पोर मला घासू लागली. नावाच्या खाचांत काळं राहायचं, पण मी कुरकुर केली नाही.

एका वर्षी गावात हरिनाम सप्ताह झाला. शेवटच्या दिवशी काल्याचा महाप्रसाद असतो. आमच्या लोकांना हिवरा आश्रमाच्या हजारोंच्या पंगती पाहून ठाऊक, त्यामुळे आपल्या चार पंगतींचाही तेवढाच गाजावाजा करतात. घराघरांतून भांडी जमा झाली. मी दिवसभर वाढप्यांच्या हातातून फिरलो. संध्याकाळी देवळामागे भांड्यांचा ढीग पडला आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं नेलं. मला शालिग्रामची बायको कौशल्याबाई घेऊन गेली. शालिग्राम हा इंद्रभानचा वावरशेजारी, दोघांच्या वावरांमध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. कौशल्याबाईचा स्वतःचा गडवा कोण घेऊन गेलं, देवाला ठाऊक.

घरी गेल्यावर तिनं माझं नाव वाचलं. “हा तं इंद्रभान भाऊजीचा आला,” ती नवऱ्याला म्हणाली. “रिकामं भांडं कसं देऊ? उन्हाळ्यात कुरड्या झाल्या की भरून देईन.”

हे तिचं मन चांगलंच होतं. रिकामं भांडं परत करत नाहीत, ही रीत मलाही आवडते. पण उन्हाळा यायच्या आधीच शालिग्रामच्या ट्रॅक्टरवाल्यानं नांगरताना इंद्रभानच्या बाजूचा धुरा हातभर खाल्ला. मग बोलणं बंद, जाणंयेणं बंद, आणि माझ्या कुरड्याही बंद. आता मला परत द्यायचं तर माघार घेतल्यासारखं होतं. ठेवून घ्यायचं तर पाहुण्यांसमोर नाव दिसतं. म्हणून कौशल्याबाईनं मला स्वयंपाकघराच्या मागच्या फळीवर टाकलं आणि फक्त वावरात न्यायला ठेवलं. तिथं कोण माझं नाव वाचायला येतं? अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षं रोज सकाळी ती मला राखेनं घासायची, भरायची आणि भाकरीच्या फडक्यासोबत शालिग्रामच्या हातात द्यायची. हे नीट लक्षात ठेवा, कारण त्या गावात दुसऱ्या कोणी ते लक्षात ठेवलं नाही.

ज्या दिवशी शालिग्राम गेला, त्या दिवशीही तसंच झालं. सकाळी तो मला घेऊन वावरात आला. विहिरीपासून चार पावलांवर एक बाभूळ होती. तिच्या बुंध्याशी त्यानं मला ठेवलं आणि वर फडकं टाकलं. दुपार ढळल्यावर तो फाट्यावर राजकुमारच्या हॉटेलात चहा प्यायला गेला. तिथं इंद्रभानही होता. धुऱ्यावरून दोघांची जुंपली आणि इंद्रभान दहा लोकांसमोर म्हणाला, “तुले पाहूनच घेतो बे, शालिग्राम.” मित्रांनो, आमच्याकडे हे वाक्य शेतकरी आठवड्यातून तीनदा म्हणतो. पुढं एखाद्या लग्नात तोच त्याला आग्रहानं जिलबी वाढतो. मग दोघंही आपापल्या वावराकडे निघाले. वाट एकच, म्हणून एकामागे एक.

सांजेला लाईट आली, शालिग्रामनं विहिरीवरची मोटार सुरू केली आणि मग काय झालं ते मला ठाऊक नाही. फडक्याआड मला काही दिसलं नाही आणि मोटारीच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही. तो दगडावरून घसरला की कोणी ढकललं की कोणी मारलं, मी सांगू शकत नाही. मी तिथं होतो, तरी सांगू शकत नाही. जे तिथं नव्हते ते मात्र सगळे खडान्‌खडा सांगत होते.

सकाळी तो विहिरीच्या काठावर पडलेला सापडला. डोक्याला मागून मोठी जखम. तो रात्रभर पाणी द्यायला थांबला असेल असं समजून घरच्यांनी वाट पाहिली नव्हती. बघता बघता चाळीसएक माणसं जमली. कौशल्याबाई छाती पिटत म्हणाली, “कोणी त्यायच्या तोंडात पाणी तं घाला हो.” कारभारी नावाचा गावचा पोलीस पाटील पुढं झाला. गावात काही घडलं की पोलिसांना वर्दी देणं आणि ते येईपर्यंत कोणाला कशाला हात लावू न देणं, हे त्याचं काम. त्यानं शालिग्रामचं डोकं हातानं उचललं, हात रक्तानं माखला, त्याच हातानं त्यानं बाभळीखालून मला फडक्यासकट आणलं, पायऱ्या उतरून विहिरीत बुडवून भरलं आणि मेलेल्या माणसाच्या ओठांत धार धरली. पाणी गालावरून खाली गेलं. मग त्यानं मला तिथंच, प्रेताच्या डोक्याशी ठेवलं, हात धोतराला पुसला आणि मागं वळून रुबाबात म्हणाला, “आता पोलीस येईस्तोवर कोणी काईले हात लावू नका.”

पोलीस आले. त्यातल्या एका हवालदाराच्या तोंडात गुटखा होता. त्यानं बाजूला तोंडभर पिंक टाकली, मला उचललं, माझ्यातलं उरलेलं पाणी तोंडात घेऊन खळखळ चूळ भरली आणि मला पुन्हा प्रेताच्या डोक्याशी ठेवलं. माझ्या काठाला त्याची लाल लाळ चिकटली होती. ज्या पाण्यानं मेलेल्याचे ओठ ओले केले त्याच पाण्यानं चूळ! मला तेव्हाच ओकारी यायला हवी होती, पण गडव्याला ती सोय नाही. त्यानंतर फौजदार साहेबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी वाकून नाव वाचलं आणि विचारलं, “हा गडवा कोणाचा?”

सगळे कौशल्याबाईकडे पाहू लागले. तिनं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “इंद्रभान भाऊजीचा.”

ती खोटं बोलली नाही. मी इंद्रभानचाच होतो. पण काल सकाळी कोणी मला घासून भरलं, कोणाच्या हातात दिलं, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही आपणहून सांगितलं नाही. कारभारीनं मी आधी कुठं होतो ते सांगितलं नाही, कारण मग हात का लावला असं साहेबांनी विचारलं असतं. हवालदार तर काय सांगणार? पंचनाम्यात लिहिलं गेलं: मयताच्या डोक्याजवळ एक फडकं, एक चपलांचा जोड, एक पितळी गडवा, त्यावर ‘इंद्रभान’ असे नाव, गळ्यास रक्तासारखे डाग. इंद्रभान पहाटेच मिरच्या घेऊन मेहकरच्या बाजाराला गेला होता. त्याला तिथून उचललं आणि कागदावर लिहिलं, आरोपी फरार होता. तराजू हातात धरून मिरच्या विकत उभा असलेला माणूस फरार!

मला खाकी कागदात गुंडाळलं, दोरा बांधला, लाखेचं सील केलं आणि मुद्देमालाच्या खोलीत टाकलं. मी आता गडवा उरलो नव्हतो, मुद्देमाल क्रमांक तीन झालो होतो. त्या खोलीत रक्तानं कडक झालेले सदरे, हातभट्टीचे कॅन, तुटके कोयते आणि वर्षानुवर्षं कोणी न नेलेल्या सायकली होत्या. उंदीर माझ्यावर बसून माझ्या चिठ्ठीची खळ खात. तिथल्या वासाचं वर्णन मी करत नाही, तुम्ही नुकते जेवले असाल. पण खरं सांगतो, उंदरांची मला एवढी शिसारी आली नाही. ते पोटासाठी खात होते.

मधे मला प्रयोगशाळेत नेऊन आणलं. माणसाचं रक्त आहे, गट ठरवता आला नाही, असा कागद माझ्यासोबत आला.

मग सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. शालिग्रामला मरताना कोणी पाहिलं नव्हतं. अशा वेळी आजूबाजूच्या गोष्टींवरून अंदाज बांधतात, त्याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात. तो वाईट असतो असं नाही. पावसात भिजून आलेला माणूस दिसला तर बाहेर पाऊस आहे हे न पाहताही कळतं. पण त्याची अट अशी की एका कडीत दुसरी कडी अडकून साखळी पुरी व्हायला हवी, आणि त्या साखळीतून दुसरा कोणताही अर्थ निघता कामा नये. सरकार पक्षाच्या वकिलांनी तीन कड्या मांडल्या. इंद्रभाननं धमकी दिली. राजकुमार हॉटेलवाल्यानं दोघांना वावराकडे जाताना पाहिलं. आणि प्रेताच्या डोक्याशी रक्त लागलेला मी. वकील मला रुमालात धरून, नाक मुरडत सगळ्यांना दाखवत होते. “याच गडव्यानं आरोपीनं मयताचं डोकं फोडलं,” ते म्हणाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर फांदी कावळ्यानंच करवतीनं कापली असं म्हणण्यातला तो प्रकार होता.

इंद्रभानला विचारलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, “साहेब, तो गडवा सप्त्याच्या पंगतीत हरवला. दोन वरसं झाले, माह्या घरी नाही.”

त्यावर न्यायालयानं म्हटलं, असं सुचायला याला बराच वेळ मिळाला. आरोपी खोटा खुलासा देतो, ही चौथी कडी. बघा, खरं बोलला ते त्याच्या गळ्याशी आलं. शेवटच्या ओळीत बसलेली अर्धी मंडळी त्याच पंगतीत जेवली होती. त्यांच्यापैकी कितीजणांच्या मांडणीवर दुसऱ्याच्या नावाची भांडी होती, ते मी नावानिशी सांगू शकतो. सगळे खाली माना घालून बसले.

कौशल्याबाईची साक्ष झाली. ती पिंजऱ्यात उभी होती आणि मी समोर टेबलावर. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिनं सांगितलं की सकाळी मालक भाकर आणि पाण्याचा गडवा घेऊन वावरात गेले, दुसऱ्या दिवशी असे सापडले, आणि डोक्याशी सापडलेल्या गडव्यावर इंद्रभानचं नाव आहे. इंद्रभानला सरकारकडून मिळालेला वकील उठला, धुऱ्यावरून भांडण होतं का एवढं विचारून बसला. घड्याळ पाहत होता तो. जन्मठेप झाली. गावकऱ्यांनी बाहेर येऊन उसाचा रस प्यायला. डिंपल एकटी व्हरांड्यात उभी होती, तिच्याजवळ कोणी गेलं नाही. त्या वर्षी तिची बारावी होती. ती नापास झाली आणि ठरत आलेली सोयरीक मोडली, खुन्याच्या घरची पोर म्हणून.

पण ती पोर चिवट निघाली. नागपूरला उच्च न्यायालयात अपील दाखल झालं आणि ते पडून राहिलं. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. डिंपल दुसरबीडला शिवणकाम करायची आणि दर दोन महिन्यांनी नागपूरला जाऊन विचारायची. शेवटी शैलजाताई नावाच्या वकीलबाईंनी तिचं काम घेतलं. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, “खरं सांग, बाबांनी मारलं का?”

“मले नाही वाटत मॅडम,” डिंपल म्हणाली. “पण मी काई तिथं नव्हती. गडवा मात्र आमच्या घरी नव्हता, ते मले पक्कं माहीत हाय. तो घासाचं काम माह्याकडेच होतं.”

इतक्या वर्षांत मी ऐकलेलं हे पहिलं स्वच्छ वाक्य. जेवढं ठाऊक तेवढंच सांगितलं, पुढं एक अक्षर नाही.

शैलजाताईंनी कागदांचा गठ्ठा चार वेळा वाचला आणि न्यायालयाला विनंती केली की मुद्देमाल मागवावा. अपिलात सहसा कोणी आम्हाला बोलावत नाही, कागदांवरच भागतं. या वेळी मात्र मी उंदरांचा निरोप घेऊन नागपूरला गेलो. दोन न्यायमूर्ती बसले होते. बोलणं बरंचसं इंग्रजीत चाललं होतं, ते मला कळलं नाही. मग थोरल्या न्यायमूर्तींनी मला हातात घेतलं. त्यांनी नाक मुरडलं नाही. माझ्या पोटावरून, बुडावरून, काठावरून सावकाश अंगठा फिरवला आणि मराठीत म्हणाले, “कवटी फुटेल इतक्या जोरात मारलं म्हणता. मग याला एक पोचाही कसा नाही?”

सरकारी वकील कागद चाळू लागले. तेवढ्यात शैलजाताई म्हणाल्या, “माझा मुद्दा फक्त दोन वाक्यांचा आहे. मयताची पत्नी शपथेवर सांगते की नवरा सकाळी पाण्याचा गडवा घेऊन वावरात गेला. पंचनामा सांगतो की विहिरीवर एकच गडवा होता. हा, इंद्रभान नावाचा. तर मग नवऱ्यानं नेलेला गडवा कुठं गेला?”

दुसऱ्या न्यायमूर्तींनी पंचनामा मागून घेतला आणि बोट ठेवून यादी वाचली. फडकं, चपला, गडवा. पुन्हा वाचली. इतकी वर्षं ही दोन वाक्यं एकाच गठ्ठ्यात, अकरा पानांच्या अंतरानं पडून होती. तपास करणाऱ्यांनी ती वाचली नाहीत, खटला चालवणाऱ्यांनी वाचली नाहीत, वाचवायला उभ्या राहिलेल्यानंही वाचली नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर काखेत गडवा होता आणि वळसाही कोणी घेतला नव्हता. माझा इतका संताप झाला की मी पितळी नसतो तर तडकलो असतो.

निकालात न्यायमूर्तींनी लिहिलं ते शैलजाताईंनी डिंपलला बाहेर समजावून सांगितलं. त्यांनी लिहिलं होतं की या कड्या एकमेकींत अडकलेल्या नाहीत, नुसत्या शेजारी शेजारी मांडून ठेवल्या आहेत. मयतानं स्वतः हाच गडवा नेला असण्याची शक्यता पुरेपूर आहे, आणि मग आरोपीचा खुलासा खोटा ठरत नाही. प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरांनी तर साक्षीत दगडावर पडूनही अशी जखम होऊ शकते असं सांगितलं होतं. संशय कितीही दाट असला तरी त्याच्यावर माणसाला कोंडता येत नाही. अशी वाजवी शंका उरली की तिचा फायदा आरोपीला द्यावाच लागतो.

इंद्रभान सुटला. जाताना त्याचे केस काळे होते, आला तो पांढरे घेऊन. फाट्यावर राजकुमारनं त्याला चहा दिला, पण पोरांना म्हणाला, “वकील मजबूत लागला म्हणून सुटला बे. नायतर नाव तं त्याचंच होतं ना गडव्यावर.” सात वर्षांनंतरही हेच. साप म्हणून जी भुई धोपटली, ती भुई आहे हे उच्च न्यायालयानं सांगितलं तरी यांचा साप जात नाही. मला तर वाटतं, त्या गावाला शालिग्राम कसा गेला याच्याशी काही घेणंच नव्हतं. कोणाचं तरी नाव हवं होतं आणि ते माझ्या पोटावर आयतं कोरलेलं होतं.

मुद्देमाल परत करण्याचा हुकूम झाला. किसनराव नावाच्या कारकुनानं सही घेऊन मला इंद्रभानच्या हातात दिलं. त्यानं मला घरी नेलं नाही. तो थेट शालिग्रामच्या अंगणात गेला. दुपारची वेळ होती. कौशल्याबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. इंद्रभाननं मला तिच्या सुपाशेजारी ठेवलं.

“हा घ्या वहिनी. तुमच्या घरून गेल्ता.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “नाव तुमचं हाय भाऊजी.”

“हाव. पण त्या दिवशी सकाळी कोणाच्या हातात होता?”

तुरीचे दाणे बोटांतून सुपात पडत होते. “त्यायच्या,” ती म्हणाली. “मीच भरून देल्ता.”

“मंग काऊन नाही सांगितलं?”

“कोणी इचारलंच नाही.” आणि मग डोळ्याला पदर लावून, “अन् सांगतलं असतं तं बाया म्हणल्या असत्या, कौशल्येनं पंगतीतला गडवा दाबून ठेवला. दोन वरसं दुसऱ्याचं भांडं वापरलं.”

ऐकलंत, मित्रांनो? बायका काय म्हणतील! एका गडव्याची लाज वाटली म्हणून एका माणसाची सात वर्षं गेली, त्याच्या मुलीचं शिक्षण गेलं, ठरत आलेलं लग्न गेलं. मला वाटलं, आता इंद्रभान मला उचलून दगडावर आपटणार. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तो तसाच उभा राहिला. म्हणाला, “सात वरसं, वहिनी.”

ती रडू लागली. रडता रडता तिनं अचानक मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. “भाऊजी,” ती म्हणाली, “तुमी नाही मारलं, तं मंग त्यायले कोणं मारलं?”

“मले नाही मालूम.”

“का पडले ते? का कोणं ढकललं?”

“त्या दिवशी कोणं शोधलंच नाही, वहिनी,” इंद्रभान म्हणाला. “सगळ्यायले माह्यं नाव सापडलं होतं ना.” आणि तो गेला.

तो गेला ते बरं झालं. मी मात्र अजून इथंच आहे. ती मला रोज घासते आणि घासता घासता तोच प्रश्न पुटपुटते. उत्तर द्यायला आता काही उरलेलं नाही. ती विहीर ढासळली. काठाचे दगड लोकांनी रस्त्याच्या पुलाला नेले. बाभूळ तोडली. त्या सकाळी दगडावर घसरल्याची खूण असेल, चिखलात तिसऱ्या कोणाची पावलं असतील, नसतीलही. चाळीस माणसांच्या पायांखाली सगळं तुडवलं गेलं. नाव सापडल्यावर खाली कोण पाहतं?

तर मित्रांनो, आता माझं शेवटचं मागणं. भांडी जपा, घासून ठेवा, नावं घाला, ते सगळं ठीक आहे. त्यापेक्षा जास्त माणसं जपा. कोणी विचारलं, ‘हे कोणाचं?’ तर नाव वाचून मोकळे होऊ नका. काल ते कुठं होतं, कोणाच्या हातात होतं, ते ठाऊक असेल तर कोणी विचारायची वाट न पाहता सांगा. लाज वाटली तरी सांगा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं म्हणा, त्यात काही कमीपणा नाही. त्या सकाळी विहिरीवर कौशल्याबाई एकच वाक्य जास्त बोलली असती, तर इंद्रभान आपल्या मिरच्या विकून घरी आला असता, आणि आपला नवरा कसा गेला हे कदाचित आज तिलाही ठाऊक असतं.